मायक्रो एलईडीची वाट बघत थांबावं का?

नाशिकच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं आहे : "माझ्याकडे २०१० साली घेतलेला ४२ इंची प्लाझ्मा आहे. आता तो दोन-तीनदा बटण दाबल्यावर सुरू होतो, मागून गुणगुण ऐकू येते. २०१९ च्या जानेवारीत सॅमसंगने ७५ इंची मायक्रो एलईडी दाखवल्याचं वाचलं आणि ठरवलं, पुढचा टीव्ही हाच. तेव्हापासून दर जानेवारीला बातमी येते आणि दर दिवाळीला मी दुकानातून रिकाम्या हाताने परत येतो. चार लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. कोच भिंतीपासून दहा फुटांवर आहे. आणखी दोन वर्षं थांबू, की ओलेड घेऊन टाकू?"

सर, थांबू नका. येत्या दसरा-दिवाळीच्या आत ओलेड घ्या, आणि जमलं तर ७७ इंचांचाच घ्या. उत्तर एवढंच आहे. पण ज्या वस्तूसाठी तुम्ही इतकी वर्षं थांबलात ती का आली नाही हे उमगल्याशिवाय मन मानत नाही, हा माझाच अनुभव आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

मी पुण्यातला. तपकीर गल्लीत ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करत धंद्यात आलो आणि आता बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन टीव्हीचं कॅलिब्रेशन करतो. म्हणजे पडद्यावर मीटर लावायचा, ठरावीक नमुने दाखवायचे आणि पांढरा खरोखर पांढरा आहे का, काळ्यात किती उजेड झिरपतो, माणसाची कातडी हळदीकडे झुकते की गुलाबीकडे, हे आकड्यांत बघून दुरुस्त करायचं. या कामात पुढच्या टीव्हीची वाट बघणारी माणसं सतत भेटतात. त्यांतला एक मीही होतो, ते पुढे येईलच.

मायक्रो एलईडीत प्रत्येक चित्रबिंदूला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन स्वतंत्र एलईडी असतात, प्रत्येक अगदी कणाएवढा. मागे बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, नाही. ओलेडसारखाच प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, स्वतः विझतो, म्हणून काळा अगदी काळा. शिवाय उजेड देणारं द्रव्य ओलेडसारखं सेंद्रिय नसल्यामुळे झिजेची भीती ओलेडपेक्षा खूप कमी आणि उजेड भरपूर. तुम्ही याच्या प्रेमात पडलात यात काहीच नवल नाही. मीही पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा बराच वेळ हललो नव्हतो.

आता हा तयार कसा होतो ते बघा. ४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू. प्रत्येकात तीन एलईडी धरले तर २,४८,८३,२००. जवळजवळ अडीच कोटी. हे कण एका चकतीवर वाढवतात, तिथून उचलतात आणि पडद्याच्या पाटावर आपापल्या जागी बसवतात. दहा हजारांत एक चुकला तर पडद्यावर सुमारे २,४९० मेलेले ठिपके. दहा लाखांत एकच चुकला तरी पंचवीस. चार लाखांच्या टीव्हीवर एकही मेलेला ठिपका तुम्ही चालवून घेणार नाही, मीही नाही. म्हणजे प्रत्येक ठिपका शोधून, काढून, नवा बसवावा लागतो. या कामाला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसा.

आणि इथे एक उलटा न्याय आहे, जो बातम्यांमध्ये कोणी सांगत नाही. इतर टीव्हीत लहान आकार स्वस्त आणि सोपा. मायक्रो एलईडीत लहान आकारच अवघड. ११० इंचांत दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ०.६३ मिलिमीटर येतं. ७५-७६ इंचांत तेच ०.४४ मिलिमीटरच्या खाली-वर. अडीच कोटी कण तेवढेच, जागा मात्र निम्मीही नाही. कण आणखी बारीक करावे लागतात, आणि बारीक केल्यावर त्यांची प्रकाश देण्याची क्षमता घसरते. तांबड्याची सगळ्यांत जास्त. म्हणूनच सॅमसंगने २०१८ मध्ये पहिल्यांदा दाखवला तो १४६ इंची होता, आणि घरगुती म्हणून २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला तो ११० इंची, १७ कोटी कोरियन वॉनचा. ८९ इंची कोरियात २०२३ मध्ये आला तो १३ कोटी वॉनला, म्हणजे तेव्हाच्या दराने ऐंशी लाख रुपयांच्या आसपास. त्याच वर्षी भारतात ११० इंचीची किंमत लागली १ कोटी १४ लाख ९९ हजार. आकार खाली येतोय, पण तुमचा चार लाखांचा आकडा आणि त्याचा आकडा यांच्यातलं अंतर दोन वर्षांत मिटण्याजोगं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत एएमएस ओसराम या ऑस्ट्रियन कंपनीने आपला मुख्य मायक्रो एलईडी प्रकल्प ग्राहकाने रद्द केल्याचं जाहीर केलं. तो घड्याळाएवढ्या छोट्या पडद्यांच्या दिशेचा प्रकल्प मानला जात होता. तिथे पैशाला तोटा नव्हता, तरी हिशेब जमला नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो, नाहीतर दुकानात घोटाळा होईल. २०२५ च्या ऑगस्टपासून 'मायक्रो आरजीबी' नावाचा ११५ इंची सेट बाजारात आहे. नाव ऐकून तुम्हाला वाटेल, आला एकदाचा! तो मायक्रो एलईडी नाही. तो एलसीडीच आहे. फक्त मागचा दिवा पांढऱ्या किंवा निळ्याऐवजी तांबड्या-हिरव्या-निळ्या बारीक एलईडींचा आहे. रंग फार सुंदर येतात, वस्तू चांगली आहे, पण बिंदू-बिंदू विझवणं त्याला जमत नाही. विक्रेता नावावर नाव ठोकून देत असेल तर सरळ विचारा, "मागे बॅकलाइट आहे का?" आहे म्हटलं की तो तुमचा टीव्ही नव्हे.

आता माझी गोष्ट.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनन आणि तोशिबा यांनी मिळून एसईडी नावाची कंपनी काढली. ट्यूबच्या टीव्हीत मागे एकाच जागी मोठी इलेक्ट्रॉनची बंदूक असते; यांनी प्रत्येक बिंदूमागे एक चिमुकली बंदूक बसवली होती. काही नॅनोमीटर रुंदीच्या फटीतून इलेक्ट्रॉन निघायचे आणि समोरच्या फॉस्फरवर, म्हणजे चमकणाऱ्या लेपावर, आदळायचे. म्हणजे ट्यूबचं चित्र, ट्यूबचा वेग, ट्यूबचा काळा, आणि जाडी मात्र भिंतीवर टांगण्याएवढी. कॅनन १९८६ पासून यावर काम करत होती. माझ्यासारख्या ट्यूबवर वाढलेल्या माणसाला याहून मोठं आमिष नव्हतं. तेव्हाचे एलसीडी मला बघवत नव्हते. क्रिकेटचा चेंडू शेपूट घेऊन पळायचा.

आधी सांगितलं २००५. मग २००६ चा वसंत. २००६ च्या मार्चमध्ये सांगितलं, २००७ च्या शेवटी. मधल्या काळात टेक्सासच्या नॅनो-प्रोप्रायटरी या कंपनीने पेटंटवरून कॅननला कोर्टात खेचलं. तिचं म्हणणं, परवाना कॅननला दिला होता, तोशिबासोबतच्या कंपनीला नाही. २००७ च्या जानेवारीत कॅननने तोशिबाचा वाटा विकत घेतला. मी म्हटलं, आता अडचण संपली. मे महिन्यात बातमी आली, बेमुदत लांबणीवर. २००८ मध्ये अपिलात कॅननच्या बाजूने निकाल लागला आणि मला पुन्हा आशा वाटली. २०१० च्या ऑगस्टमध्ये कॅननने ती कंपनी गुंडाळायची आणि घरगुती टीव्हीसाठीचं काम थांबवायचं जाहीर केलं. एकही सेट कुणाच्या घरी गेला नाही.

या सगळ्या काळात आमच्या घरी २९ इंची ट्यूब होती, जिचा निळा रंग मंदावत चालला होता. मी दुसऱ्यांचे टीव्ही दुरुस्त करत होतो आणि स्वतःच्या घरी नवा घेत नव्हतो. वडिलांना क्रिकेटचं वेड. डोळे अधू झालेले. ते दर काही महिन्यांनी विचारायचे, "काय रे, तुझा तो टीव्ही आला का?" २००७ च्या सप्टेंबरमधली जोहान्सबर्गची टी-ट्वेंटीची फायनल त्यांनी त्या पिवळट पडद्यावर बघितली, खुर्ची पुढे ओढून. पुढच्या वर्षी मी निमूटपणे ५० इंची प्लाझ्मा आणला. ते दोन वर्षं त्यावर सामने बघू शकले. २०११ चा विश्वचषक त्यांनी बघितला नाही. सर, तुम्ही निवृत्त आहात असं लिहिलंत म्हणून हे सांगितलं.

एसईडी का बुडाला, तर सगळे कोर्टाकडे बोट दाखवतात. मला तसं वाटत नाही. कोर्टात वेळ गेला हे खरं, पण त्या पाच वर्षांत एलसीडी आणि प्लाझ्माच्या किमती अशा कोसळल्या, की एसईडी उद्या बाजारात आला असता तरी त्या भावात विकता आला नसता. लांबलेल्या तंत्राचा खरा शत्रू आजचा स्वस्त होत जाणारा टीव्ही असतो. मायक्रो एलईडीच्या बाबतीत तो शत्रू म्हणजे ओलेड आणि मिनी एलईडी (मागे बारीक एलईडींचा बॅकलाइट असलेला एलसीडी). तेही दरवर्षी सुधारतात.

पण प्रत्येक उशीर असा नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१२ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात एलजी आणि सॅमसंग या दोघांनी ५५ इंची ओलेड मांडले आणि त्याच वर्षी विकू म्हणून सांगितलं. वर्ष सरलं, दोन्ही आले नाहीत. एलजीचा २०१३ च्या सुरुवातीला कोरियात आला, १ कोटी १० लाख वॉनला. सॅमसंगचा त्याच वर्षी जूनमध्ये आला आणि सॅमसंगने मोठ्या ओलेडमधून अंगच काढून घेतलं, ते थेट २०२२ मध्ये क्यूडी-ओलेड हा ओलेडचा नवा प्रकार घेऊन परतले. फरक होता बनवण्याच्या पद्धतीत. सॅमसंग तिन्ही रंगांचं द्रव्य वेगवेगळं, शेजारी शेजारी बसवत होता. मोठ्या काचेवर ते नेमकं बसत नव्हतं आणि चांगले पॅनेल फार थोडे निघत होते. एलजीने सगळीकडे एकच पांढरा ओलेड पसरला आणि वर रंगांची गाळणी लावली. तत्त्वतः ते कमअस्सल, पण कारखान्यात जमण्याजोगं. २०१३ च्या जुलैत अमेरिकेत एलजीचा वक्र ५५ इंची १४,९९९ डॉलरला लागला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच आकाराचा सेट ३,४९९ डॉलरला मिळत होता. इथे ज्यांनी थांबून बघितलं त्यांचा फायदा झाला, कारण कारखाना चालू झालेला होता.

मग उशिराची तिसरी तऱ्हा. एलजी डिस्प्लेने चीनमधल्या ग्वांगझू इथे नवा ओलेड कारखाना २०१९ च्या ऑगस्टमध्ये उघडला. समारंभ झाला, फिती कापल्या, आणि खरं मोठं उत्पादन सुरू व्हायला २०२० चा जुलै उजाडला. यंत्रं तीच, तंत्र तेच, कामगार शिकलेले; तरीही नव्या जागी पॅनेल नीट निघायला वर्ष गेलं. काच म्हणजे २२०० × २५०० मिलिमीटरचा एक मोठा तुकडा. त्यातून ५५ इंचांचे सहा पॅनेल निघतात. ६५ इंचांचे तीनच. एक डाग कुठे पडला, त्यावर सगळा हिशेब बदलतो. म्हणून मोठे आकार उशिरा येतात, कमी येतात आणि भारतापर्यंत आणखी उशिरा पोचतात.

आणि चौथी, सगळ्यांत निरुपद्रवी. सोनीचा ए९५एल हा टीव्ही २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर झाला आणि अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत दुकानात दिसला नाही. लोक पाच-सहा महिने तळमळले. पण मी तेव्हा विचारणाऱ्यांना सांगितलं, थांबा. कारण त्यातला दुसऱ्या पिढीचा क्यूडी-ओलेड पॅनेल सॅमसंगच्या एस९५सी मध्ये वसंतापासून विकला जात होता. पॅनेल तयार, कारखाना चालू. उरलं होतं ते सोनीचं स्वतःचं जुळवाजुळवीचं काम. असा उशीर महिन्यांत मोजायचा.

एखादा उशीर कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला मी हीच खूण वापरतो. तोच पॅनेल आज दुसऱ्या कुठल्या सेटमध्ये, तुमच्या आवाक्यातल्या किमतीला, विकला जातोय का? जात असेल तर थांबा. नसेल तर बातमीकडे बातमी म्हणून बघा. तुमच्या मायक्रो एलईडीला ही खूण लावून बघितली तर उत्तर मिळतंच.

गुंडाळीच्या टीव्हीचंही हेच झालं. एलजीचा ६५ इंची, पेटीतून वर येणारा सेट २०१९ च्या जानेवारीत दाखवला, त्याच वर्षी येणार होता, आला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, १० कोटी वॉनला. भारतात २०२२ मध्ये आला तेव्हा किंमत ७५ लाख. पॅनेल ओलेडचाच. चित्र त्याच काळातल्या दोन लाखांच्या सेटपेक्षा सरस नव्हतं.

आता उलट बाजू. थांबण्यात आणखी एक धोका असतो, तो म्हणजे हातातलं चांगलंच नाहीसं होणं. तुम्ही प्लाझ्मावाले आहात, तुम्हाला पायोनियरचा कुरो आठवत असेल. २००७-०८ चे ते सेट. त्यांतल्या शेवटच्या पिढीच्या एका सेटवर मी मीटर लावला होता, काळा ०.००३ निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचं एकक) आसपास. तेव्हाच्या एलसीडीचा काळा त्यासमोर राखाडी वाटायचा. २००८ च्या जानेवारीत पायोनियरने प्रदर्शनात एक नमुना दाखवला, ज्याचा काळा अंधाऱ्या खोलीत दिसायचाच नाही. माझे एक गिऱ्हाईक, डॉक्टर, सिंगापूरहून कुरो आणणार होते. ते थांबले, पुढचा येऊ दे म्हणून. २००९ च्या फेब्रुवारीत पायोनियरने टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. डॉक्टरांना पुढचा मिळाला नाही आणि आधीचाही नाही.

सिंगापूरचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण मुलगा परदेशात असलेले बरेच जण मला हे विचारतात. सपाट पडद्याचा टीव्ही सामानातून आणण्यावरची सवलत २०१३ च्या ऑगस्टमध्ये काढून घेतली गेली. पूर्ण जकात भरून आणा, वर अमेरिकेतला असेल तर वीज ११०-१२० व्होल्टची, आणि इथे हमी कोणी देत नाही. पॅनेल फुटला तर सेट भंगारात. या वाटेला जाऊ नका.

भारतात नवे महागडे सेट उशिरा येण्याची काही कारणं इथलीच आहेत. टीव्हीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. शिवाय ३० जुलै २०२० पासून रंगीत टीव्हीची आयात परवान्याशिवाय करता येत नाही. जे मॉडेल इथे जोडलं जात नाही, त्याला एवढे सोपस्कार करून थोडेच नग आणणं कंपनीला परवडत नाही. म्हणून परदेशात गाजलेला सेट इथे चार-सहा महिन्यांनी येतो, कधी त्यातला एखादाच आकार येतो, कधी येतच नाही. यात कोणी तुम्हाला फसवत नाही. परदेशातल्या तारखेवर मुहूर्त ठरवू नका, एवढंच.

एक थांबणं मात्र अगदी रास्त होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार असल्याचं जाहीर झालं आणि २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दोन लाख मूळ किमतीचा सेट २ लाख ५६ हजारांऐवजी २ लाख ३६ हजारांना. मी तेव्हा सगळ्यांना महिनाभर थांबवलं, कारण घोषणा सरकारची होती आणि वस्तू दुकानात होती.

आता तुमच्या घराकडे येतो.

दहा फूट म्हणजे साधारण ३०५ सेंटिमीटर. चित्रपटाच्या दृष्टीने पडदा डोळ्यांसमोर निदान तीस अंश तरी व्यापायला हवा असं मानतात. तुमचा ४२ इंची तेवढ्या अंतरावरून सतराच अंश व्यापतो. ६५ इंची साडेसव्वीस. ७७ इंची एकतीस. मायक्रो एलईडीने तुम्हाला जो थरार मिळेल असं वाटत होतं, त्यातला मोठा भाग नुसत्या आकाराने मिळतो. ६५ पेक्षा ७७ चं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी जास्त आहे. माझं ठाम मत आहे : नव्या पॅनेलसाठी दोन वर्षं थांबण्यापेक्षा आजच्या पॅनेलचा एक आकार मोठा घ्यावा. मधल्या श्रेणीतला ७७ इंची ओलेड सणाच्या दिवसांत तुमच्या आकड्यात बसतो, विशेषतः मागच्या वर्षीचं मॉडेल शिल्लक असेल तर. नवं मॉडेल इथे साधारण उन्हाळा संपता संपता येतं, तेव्हा जुन्याचा भाव उतरतो. दोन मॉडेलांत मीटरला फरक दिसतो, दहा फुटांवरून डोळ्यांना फारच थोडा.

घेण्याआधी लिफ्ट मोजा. गंमत नाही. ७७ इंचीचा खोका दोन मीटरच्या आसपास लांब असतो. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडतो. तो कधीही आडवा झोपवून न्यायचा नाही, उभाच न्यायचा. माणसं आली की तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. भिंतीवर लावायचा असेल तर विटेची किंवा काँक्रीटची भिंत हवी. नुसत्या प्लायच्या पॅनेलवर टांगलेला सेट मी खाली आलेला पाहिला आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती आधी स्वतःशी तपासा. घरात दिवसभर बातम्यांची वाहिनी चालू असते का? त्या खालच्या पट्ट्या, कोपऱ्यातलं बोधचिन्ह तासन्‌तास एकाच जागी असतात. प्लाझ्मावर ठसा कसा राहतो हे तुम्हाला माहीत आहेच. ओलेडवरही हजारो तासांनी राहतो, आणि तो जात नाही. रोज सात-आठ तास बातम्या असतील तर चांगला मिनी एलईडी घ्या, ८५ इंचांचा घ्या, आणि ओलेडचा मोह सोडा. संध्याकाळी दोन-तीन तास चित्रपट, सामना, नाटक एवढंच असेल तर ओलेडला काहीही होत नाही.

प्लाझ्मावरून ओलेडवर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिल्या आठवड्यात एक तक्रार येते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कॅमेरा हळूहळू बाजूला सरकतो तेव्हा चित्र धक्के खात जातं असं वाटेल. सेट बिघडलेला नाही. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. प्लाझ्मा एकच चौकट अनेक लहान चमकांत दाखवायचा, डोळ्यांना ते सलग वाटायचं. ओलेड चौकट क्षणात बदलतो आणि पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवतो, म्हणून उडी दिसते. हालचाल गुळगुळीत करण्याची जी सोय सेटिंगमध्ये असते ती सगळ्यांत कमी पायरीवर ठेवा, पूर्ण बंद नको. जास्त केलीत तर चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागेल.

चित्राचा मोड फिल्ममेकर ठेवा. पहिले दोन दिवस पडदा पिवळसर वाटेल, कारण दुकानातल्या निळसर पांढऱ्याची डोळ्यांना सवय झालेली असते. तिसऱ्या दिवशी जुना मोड लावून बघा, तो तुम्हालाच निळा दिसेल. जुन्या संगीत नाटकांची ध्वनिचित्रमुद्रणं बघत असाल तर शार्पनेस शून्याजवळ ठेवा. अशा चित्रात मुळातच तपशील कमी असतो, तो वाढवायला गेलात की नटांच्या चेहऱ्याभोवती पांढऱ्या कडा उमटतात. खोलीत संध्याकाळी टीव्हीच्या मागे एक मंद पांढरा दिवा असू द्या, पिवळा नको. डोळ्यांना आराम पडतो आणि काळा आणखी गडद वाटतो.

आणि विक्रेत्याने "ही सोय पुढच्या अपडेटमध्ये येईल" म्हटलं, तर ती सोय नाही असं धरून किंमत ठरवा. २०२० साली विकलेल्या एका नामांकित सेटला व्हिडिओ गेमसाठी कबूल केलेली सोय बऱ्याच उशिरा मिळाली. तुम्हाला खेळ खेळायचे नाहीत, पण तत्त्व तेच.

सेट आल्यावर पहिल्या दहा दिवसांत एक तपासणी करा. रात्री दिवे घालवून पडद्यावर अगदी गडद राखाडी चित्र लावा, पूर्ण काळं नको. उभे पट्टे किंवा एका बाजूला गुलाबी-हिरवी झाक दिसते का बघा. पुसट पट्टे बहुतेक ओलेडवर असतात आणि शंभर-दीडशे तास चालल्यावर निवळतात. पण नेहमीच्या चित्रपटात, दहा फुटांवरून, काही खुपत असेल तर फोटो काढा आणि लगेच बदलून मागा. हे महिन्याने केलंत तर कोणी ऐकत नाही. खोका आणि आतला थर्माकोल तोवर टाकू नका.

तुमचा प्लाझ्मा गुणगुण करतोय म्हणता, तो बहुधा पॉवर सप्लायचा आवाज आहे, आणि सुरू व्हायला वेळ घेतो म्हणजे त्यातले कपॅसिटर थकलेत. नाशिकमध्ये ट्यूबच्या काळापासून काम करणारा एखादा जुना दुरुस्तीवाला सापडला तर हजार-दोन हजारांत तो आणखी काही वर्षं चालेल. आतल्या खोलीत लावा. नवा सेट बैठकीत आला की चित्रपट बघून मला कळवा, हालचालीचं सेटिंग जमलं की नाही. नाही जमलं तर मॉडेल सांगा, कुठली पायरी ठेवायची ते लिहून देतो.